गोव्यातल्या विमानाला हीटर कशाला?

दाबोळीला उभ्या असणाऱ्या एका दोन इंजिनांच्या छोट्या विमानाची कागदपत्रं मी सांभाळते. वार्षिक एआरसीच्या, म्हणजे विमान उडण्यायोग्य असल्याच्या प्रमाणपत्राच्या, तयारीत हीटरची तपासणी निघाली, तेव्हा मालक म्हणाले, "गोव्यात हीटर कशाला? काढूनच टाका ना."

प्रश्न रास्त होता. पण दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. वास्कोत ३० असलं तरी १०,००० फुटांवर १० च्या आसपास. आणि आमचे साहेब, म्हणजे हेच मालक, जानेवारीत दिल्लीला जातात.

हा हीटर स्वतः पेट्रोल जाळतो. आत ज्वाला, बाहेरून केबिनची हवा, मध्ये फक्त पत्र्याची नळी. तिला चीर पडली तर कार्बन मोनॉक्साईड थेट माणसांपर्यंत पोचतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा, आदेश आहे: हीटरचे १०० तास किंवा २४ महिने, जे आधी भरेल तेव्हा दाबाची चाचणी. विमान अमेरिकी बनावटीचं, त्यामुळे तो इथेही बंधनकारक. आमचा हीटर फारसा चाललाच नव्हता; महिने मात्र भरले होते. मला हा महिन्यांचा हिशोब फार योग्य वाटतो. समुद्राकाठची खारी हवा हीटर बंद आहे म्हणून गंज चढवायची थांबत नाही.

आदेशात दुसरी वाटही आहे: इंधनाची नळी बंद करायची, वीज तोडायची, पॅनेलवर 'हीटर बंद' अशी पट्टी लावायची. आमच्या एएमई (विमान देखभाल अभियंता) काकांनी दोन्ही वाटा समजावल्या. मागच्या सीटवर मुलं बसतात, थंडीत ती कुडकुडतील, म्हणून साहेबांनी चाचणी निवडली.

हीटर उतरवला, तोंडं बुचांनी बंद केली, हवा भरली. काटा उतरू लागला. बुचंच गळत असतील म्हणून काकांनी साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुचं पुन्हा बसवली. तरी काटा उतरलाच. गळती नळीतच होती.

हीटर दुरुस्तीसाठी गोव्याबाहेरच्या मान्यताप्राप्त शॉपमध्ये गेला. तो परतल्यावर शॉपने लावलेल्या टॅगवरचा सीरियल नंबर लॉगबुकशी ताडून पाहिला. हे मी कधीच दुसऱ्यावर सोपवत नाही. काकांनी तो बसवून चालवला, इंधन कुठे झिरपतं का पाहिलं, ओव्हरहीट स्विच तपासला आणि मगच सही केली.

केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साईड लागला की रंग बदलणारं सीओ कार्ड होतं. रात्री ते कोण बघणार? मी साहेबांना आवाज करणारा डिटेक्टर घ्यायला लावला.