सरांचा दोरा

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं कोल्हापूरच्या आमच्या विद्यापीठाचं पत्र आलं आणि मला आधी आठवली ती रुकडी स्टेशनावर तुटलेली तानपुऱ्याची तार.

१९९४ ची गोष्ट. युवा महोत्सव चार दिवसांवर आलेला. संगीत विभागाचा जुना तानपुरा मिरजेला दुरुस्तीला दिला होता. सर म्हणाले, "तू मिरजेचा ना? जा, घेऊन ये." (सर म्हणजे कोण, हे तेव्हाच्या मुलांना सांगायला नको.) शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी मिरजेत तंतुवाद्यं घडवायला घेतली, हेसुद्धा मला मिरजेत नाही, सरांकडून कळलं!

परतीच्या पॅसेंजरला तुफान गर्दी. जयसिंगपूरला माळव्याच्या पाट्या घेऊन बायका चढल्या. एका मावशीनं तानपुऱ्याच्या गवसणीवरून, म्हणजे कापडी खोळीवरून, हात फिरवत विचारलं, "केवढ्याला घेतलास रं भोपळा?" सगळा डबा हसला. रुकडीला गाडीनं हिसका दिला आणि गवसणीच्या आत 'टण्ण' झालं. वळिवडं येईपर्यंत मी कारणं जुळवत बसलो.

सरांनी गवसणी काढली, तुटलेली पंचमाची तार बघितली आणि एवढंच म्हणाले, "हात धुऊन ये."

नवी तार चढवली, खुंटी पिळली, मणी सरकवला. मग खिशातून एसटीच्या तिकिटावर गुंडाळलेला दोरा काढला. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली तो घालायचा आणि केसाएवढा पुढंमागं करायचा, की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते. सर दोरा सरकवायचे, तार छेडायचे आणि विचारायचे, "आता?" मी म्हणायचो, "नाही." पुन्हा, "आता?" मेस बंद व्हायची वेळ आली. मी "हो" म्हणालो. सर मान वर न करता म्हणाले, "भूक लागली म्हणून हो म्हणू नकोस."

शेवटी एकदाची तार बोलली. बाकीच्या तिन्ही तारा तिच्यात मिसळल्या आणि खोली भरून गेली. गवसणी चढवताना सर म्हणाले, "तुझा गळा बेताचा आहे. कान चांगला आहे, तो सांभाळ." त्या रात्री मला फार लागलं होतं ते.

महोत्सवात आमचा कितवा नंबर आला, आठवत नाही. मी पुढं बँकेत लागलो, आज मुख्य व्यवस्थापक आहे. मध्यंतरी कामानिमित्त कोल्हापूरला आलो तेव्हा विद्यापीठात चक्कर मारली. महाराजांच्या पुतळ्यापाशी उभा राहिलो. इमारती वाढल्यात, झाडी दाट झालीय. एका खोलीतून रियाज ऐकू आला म्हणून डोकावलो, तर तानपुरा मोबाइलवर लावलेला. सोय आहे, मान्य. तार तुटायची भीती नाही. पण "आता?" असं कोण कुणाला विचारणार?

गेल्या वर्षी मिरजेतून स्वतःसाठी तानपुरा आणला, या वेळी मोटारीनं, मागच्या सीटवर आडवा निजवून. जवारी मीच लावली. दोन संध्याकाळी गेल्या. बायको तीनदा जेवायला बोलावून गेली, तरी मी "हो" म्हणालो नाही.