हिरव्या पाण्यावर पहिला उपाय अंधाराचा

घरातल्या माशांच्या टाकीतले पाणी हिरवे होऊ लागले की बहुतेकांचा हात आधी बादलीकडे जातो. अर्धे पाणी काढायचे, ताजे भरायचे, एखादा दिवस समाधान मानायचे आणि मागच्या बाजूची रोपे पुन्हा दिसेनाशी झाली की परत बादली उचलायची, असा क्रम मग सुरू होतो. माझ्या मते हिरव्या पाण्यावर केवळ पाणी बदलणे हा उपायच नव्हे, कारण त्याने ना शेवाळाचा प्रकाश तुटतो, ना त्याचे अन्न कायमचे संपते.

हा हिरवेपणा काचेवर चिकटणाऱ्या शेवाळाचा नसतो. तो पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा असतो. त्यातल्या क्लोरेलासारख्या पेशींचा व्यास साधारण 2 ते 10 मायक्रोमीटर असल्यामुळे त्या फिल्टरच्या स्पंजातून सहज पार होतात, आणि काच कितीही घासली किंवा शेवाळ खाणारे मासे आणले तरी त्यांचे काही बिघडत नाही. भरपूर उजेड आणि पोषण मिळाले तर त्यांची संख्या एका दिवसात दुप्पट होऊ शकते. म्हणजे अर्धे पाणी काढून मिळवलेला फायदा एका दुपटीतच संपतो. उपायाआधी थोडे पाणी पांढऱ्या कपात घेऊन पाहावे. त्यात हिरवट छटा दिसली तर ते शेवाळ समजावे. पाणी दुधाळ असेल तर तो बहुधा जिवाणूंचा प्रकार असतो आणि त्याला अंधाराचा काही उपयोग नाही.

कारणे मुख्यतः दोनच असतात: जास्तीचा प्रकाश आणि जास्तीचे अन्न. खिडकीतून येणारे थेट ऊन, दहा-बारा तास चालू राहणारा दिवा, गरजेपेक्षा अधिक टाकलेले खाद्य, किंवा नव्या टाकीत अमोनियाचे (माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी द्रव्याचे) रूपांतर करणारे जिवाणू पुरते रुजलेले नसणे, यांतले काही ना काही सापडतेच. नळाखाली फिल्टरचा स्पंज खळखळून धुण्याची सवयही याच यादीत येते, कारण क्लोरीनयुक्त पाण्यामुळे ते जिवाणू मरतात. येथे पाण्याच्या चाचणीवरही फार विसंबू नये. हिरव्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे शेवाळाचे एक अन्न, शून्याजवळ दिसले, तर ते शेवाळाने शोषून घेतलेले असू शकते.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे संपूर्ण अंधार. आधी थोडे पाणी बदलावे, तळाचा कचरा काढावा, दिवा बंद करावा आणि टाकी चारही बाजूंनी व वरून जाड कापडाने किंवा पुठ्ठ्याने अशी झाकावी की कुठूनही फट राहणार नाही. मात्र हवा खेळती राहील एवढी काळजी घ्यावी. तीन ते चार दिवस असेच ठेवावे. निरोगी, मोठ्या माशांना एवढे दिवस खाद्य नसले तरी चालते, म्हणून खाऊ घालण्याच्या निमित्ताने झाकण उचलण्याचा मोह टाळावा. बहुतेक पाणवनस्पतीही हा काळ सहज निभावतात.

या काळात एअर पंप मात्र अजिबात बंद करू नये. उजेडात प्राणवायू सोडणारे हेच शेवाळ अंधारात तो वापरू लागते, आणि मेल्यावर त्याच्या कुजण्यातही प्राणवायू खर्च होतो. दाट हिरव्या पाण्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, ते याच कारणाने. दिवसा उलट घडते: शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) वाढतो आणि पाण्यात अमोनिया असेल तर त्याचा विषारी अंश वाढतो.

झाकण काढल्यावर पाणी बरेचसे निवळलेले दिसते, पण काम संपलेले नसते. मेलेले शेवाळ पाण्यातच असते, त्यामुळे लगेच तिसरा हिस्सा ते अर्धे पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा आणि पुढचे काही दिवस अमोनिया तपासावा. पाणी बदलण्याची खरी वेळ ही आहे. त्यानंतर दिवा टायमरवर सहा ते आठ तासांपुरता ठेवावा आणि उन्हाची तिरीप अडवावी, अन्यथा थोड्याच काळात तोच प्रकार पुन्हा होतो. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लावल्या तर त्या शेवाळाच्या वाट्याचे पोषण ओढून घेतात.

ज्यांना अंधार नको असेल त्यांच्यासाठी यूव्ही स्टरिलायझर, म्हणजे अतिनील दिव्याने तरंगते शेवाळ मारणारे उपकरण, चांगला. दिव्यासमोरून पाणी सावकाश वाहिले पाहिजे, आणि दिवा पेटलेला दिसत असला तरी कालांतराने त्याची ताकद घटते, हे लक्षात घेऊन तो वेळेवर बदलावा. काचेवरच्या शेवाळावर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. शेवाळनाशक औषधे मी शक्यतो टाळतो. विशेषतः तांबे असलेली औषधे कोळंबी आणि गोगलगायींच्या जिवावर उठतात.

एक अपवाद सांगायला हवा. पिल्ले वाढवणारे लोक हिरवे पाणी मुद्दाम तयार करतात, कारण त्यावर वाढणारे सूक्ष्म जीव आणि डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) हे पिल्लांचे उत्तम खाद्य ठरते. त्यासाठी वेगळे भांडे उन्हात ठेवावे आणि मुख्य टाकीतला दिवा मात्र वेळेवर बंद करावा.