चंदेरी खिडक्यांवरचे काळे डाग

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका साइटवरून खिडकीचे चार तुकडे अंबडला आमच्या पावडर कोटिंग शॉपवर परत आले. इथे कोरडी रंगपावडर फवारून ती ओव्हनमध्ये भाजतात. रंग चंदेरी मेटॅलिक. गिलाव्याचे शिंतोडे उडाले होते नेमके तिथेच राखाडी-काळे डाग. त्याच खोल्यांतल्या पांढऱ्या सेक्शनवरही तोच गिलावा उडाला होता, पण तिथे डाग नावालाही नाही.

सगळ्यांनी आधी ओव्हनलाच दोष दिला. फिल्मची, म्हणजे रंगाच्या थराची, जाडी मोजली, 70 मायक्रॉनच्या आसपास. क्रॉसकट मारून (आडव्या-उभ्या चिरा पाडून) टेप ओढली, एकही चौकोन सुटला नाही. एमईके या सॉल्व्हंटने घासूनही फिल्म मऊ पडेना. म्हणजे बेकिंग नीट झाले होते. मग डाग नसलेल्या जागी पांढरे फडके जोर लावून घासले, तर फडकेच राखाडी झाले.

लीफिंग ॲल्युमिनियम! चंदेरी पावडरीतले हे ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे, म्हणजे फ्लेक. या फ्लेकवर स्टिअरिक ॲसिडचा लेप असतो, म्हणून पावडर वितळताना ते तरंगत वर येतात. आरशासारखी चमक मिळते ती त्यामुळेच, पण वर रेझिनचे पांघरूण जवळपास उरत नाही. ॲल्युमिनियम आम्लात विरघळते आणि अल्कलीतही. ओल्या सिमेंटचा पीएच तर 12 च्या वर. फिल्म शाबूत राहते, धातू खाल्ला जातो. पांढऱ्या पावडरीतला टायटॅनियम डायऑक्साइड मात्र चुन्याला दाद देत नाही.

खात्रीसाठी पॅनेल मारले. 75 ग्रॅम चुना, 225 ग्रॅम कोरडी रेती आणि पाणी कालवून 12 मिलिमीटरचा थर दिला, 38 अंशांना दमट पेटीत 24 तास ठेवले. लीफिंगचा पॅनेल काळवंडला. दुसरी पावडर नॉन-लीफिंग बॉण्डेड: तिच्यातले फ्लेक वर येत नाहीत, त्यांवर सिलिकाचा लेप असतो आणि ते पावडरीच्या कणांना चिकटवलेले असतात. तिच्यावर निरखून पाहिल्यावर फिकट वर्तुळ दिसले. तिच्यावर क्लिअर (बिनरंगी पारदर्शक थर) मारलेल्या पॅनेलवर काहीच नाही. अभ्रकाची, मोत्यासारखी चमकणारी पर्ल पावडरही टिकली, पण तिला धातूची झळाळी नाही. मग 10 टक्के म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिडचे दहा थेंब, वर काचेची झाकणी, 15 मिनिटे. क्रम तोच आला. ही चाचणी नुसती पुस्तकी नाही. फरशीवाला जाताना ॲसिडनेच धुऊन जातो.

लीफिंगवरच क्लिअर मारून भागेल, असे कुणीतरी सुचवले. तसे होत नाही: चमक मरते आणि क्लिअरची पकडही कच्ची राहते. बसवलेल्या खिडक्यांना तर इलाजच नव्हता. बफ केले की फिल्म जाते, आणि काच-रबरासकट फ्रेम 200 अंशांच्या ओव्हनमध्ये घालता येत नाही. डागाळलेल्या फ्रेम उतरवून नव्याने दिल्या, बॉण्डेडवर क्लिअर मारून.