परत नॉर्वे!!

शेवटी परत नॉर्वे! क्रूझ शिपचं कॉन्ट्रॅक्ट साइन करताना पगाराच्या आधी रूट बघितला होता मी, खोटं कशाला बोलू 😄 आज पहाटे गायरांगर फ्योर्डमध्ये (म्हणजे उंच कड्यांमधून आत गेलेली समुद्राची चिंचोळी खाडी) शिरलो, ब्रेकफास्ट ड्युटीच्या आधी थोडा वेळ मिळाला तर सरळ क्रू डेकवर पळालो, थंडीने कान बधिर पण समोर सेव्हन सिस्टर्स धबधबा, आणि जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो त्यामुळे पाणी असं सुटलेलं की सगळ्या धारा दिसत होत्या, मागच्या वेळी ऑगस्टमध्ये आलेलो तेव्हा निम्म्या गायब होत्या.

पलीकडे कड्यावर स्कागेफ्लो नावाचं जुनं शेतघर आहे. असं सांगतात की करवसुलीवाला आला की तिथले लोक शिडीच वर ओढून घ्यायचे. काय डोकं!

२००५ पासून हा फ्योर्ड युनेस्कोच्या यादीत आहे, पॅसेंजर दिवसभर बघतात, आम्हाला लंच आणि डिनरच्या मधला ब्रेक. तेवढ्यात टेंडर बोटीने (जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट) खाली उतरून ब्राऊन चीज आणि जॅम लावलेलं गरम वॉफल हाणलंच. ते चीज गोडसर, कॅरॅमलसारखं लागतं, आमच्या गॅलीतल्या (जहाजाच्या किचनमधल्या) अर्ध्या पोरांना अजिबात आवडत नाही, मला मात्र जाम आवडतं.

उद्या बर्गन, म्हणजे पाऊस असणारच, जॅकेट अजून लाँड्रीत पडलंय 🙈