टिकलीची पट्टी

आमच्या वाशीतल्या महिला भजनी मंडळाचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, पण बाजाची पेटी उघडली की वाचता येतो. 'सा' पटकन सापडावा म्हणून सासूबाईंनी पट्टीवर मरून टिकली चिकटवली होती, काळी पाचवर, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर. मग ती एक सूर खाली, काळी चारवर आली. आता काळी तीनवर आहे आणि पावसाळ्यात गळे बसले की पांढरी चारही चालते. उजवीकडच्या पट्ट्यांवर जुन्या गोंदाचे गोल डाग आहेत, घासूनही न गेलेले.

साठीनंतर बायकांचे स्वरतंतू जाड होतात, आवाज उतरतो, असं डॉक्टर सांगतात. सातारच्या काकूंना ते मान्य नाही. त्यांच्या मते पेटीच चढलीय.

मंडळ निघालं तेव्हा वाशीत लोकल नव्हती. खाडीपूल १९७३चा, गाडी आली १९९२ला. तोवर मुंबईला जायचं म्हणजे बस. सिडकोच्या घरांत सातारा, संगमेश्वर, चाळीसगाव, कुठकुठल्या बायका येऊन पडलेल्या. अभंग सगळ्यांना पाठ, पण चाल ज्या-त्या माहेरची. पहिलं वर्ष म्हणे भांडणातच गेलं. सातारच्या काकू वारकरी चालीत एकेक ओळ घोळवायच्या, तोवर संगमेश्वरच्या मावशी दुगणीत, दुप्पट लयीत, गजरापर्यंत पोचलेल्या. शेवटी ठरलं: जी पुढे म्हणेल तिची चाल, बाकीच्यांनी मागे धरायचं, नाकं मुरडायची ती घरी जाऊन. (हा नियम सासूबाईंनी आमच्या स्वयंपाकघरातही लावला होता.)

दर गुरुवारी चार ते सहा. आधी रूपाचा अभंग, म्हणजे 'रूप पाहता लोचनी', मधे गौळण, शेवटी भैरवी. गणपती, एकादशी, हळदीकुंकू, बारसं, कुठेही बोलावलं तर जातो. नारळ आणि पाकीट मिळतं. पाकिटातून टाळांच्या दोऱ्या येतात, मागच्या वर्षी पेटीचा भाताही त्यातूनच दुरुस्त केला.

परवा दुसऱ्या मजल्यावरची नवी सून आली. लॅपटॉप मिटून थेट, कानात अजून इअरफोन. काळी तीनवर तिचा आवाज तळाला घासत होता.

"काकू, जरा वर घेऊया का?"

सातारच्या काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "घे की. तू पुढं म्हण. आम्ही मागं धरतो, पोचलो तर."

मी काळी चार धरली. गौळणीच्या अंतऱ्याला निम्म्या बायका गप्प झाल्या, टाळ मात्र दुप्पट जोरात वाजले. टिकली मी अजून हलवलेली नाही.