गल्ल्याचा हिशेब जुळवताना – माझा अनुभव

आमचं म्हापशात मार्केटजवळ छोटं हॉटेल आहे, सकाळी भाजीपाव, बन, चहा, दुपारी मासळीची थाळी, संध्याकाळी परत चहा-भजी. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नवरा वेर्ण्याला कंपनीत, म्हणून गल्ला माझ्याकडे आला. धंदा बरा चालायचा पण रात्री कॅश जुळेल तर शपथ, कधी तीनशे कमी कधी दीडशे जास्त, आणि जास्त निघाले की घरात सगळे खूश, मला मात्र त्याचंच जास्त टेन्शन, कारण जास्त म्हणजे कुणाचे तरी सुट्टे द्यायचे राहिलेत नाहीतर कुठलं तरी बिल फाडलेलंच नाही.

घरात पहिला संशय अर्थातच कामाच्या पोरांवर. मी म्हटलं थांबा, आधी गल्ला कोण कोण उघडतं ते तरी बघू, आणि ड्रॉवरला दोरीने एक वही बांधली. जो पैसे काढेल त्याने लिहायचं. काय निघालं माहितीये? पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, आला की त्याचे पैसे गल्ल्यातून, बर्फवाला गल्ल्यातून, नारळ, कोथिंबीर, देवळाची वर्गणी, बाबांची रिक्षा, सगळं गल्ल्यातून, जो जवळ उभा तो काढून देणार आणि लिहिणार कुणीच नाही. चोरी वगैरे काही नव्हती हो, नुसता गळका नळ.

मग दोन गोष्टी केल्या. खर्चासाठी बिस्किटाचा वेगळा डबा, त्यात सकाळी 3000, जेवढे काढाल तेवढ्याची चिठ्ठी आत टाकायची, म्हणजे रात्री चिठ्ठ्या अधिक उरलेली कॅश 3000 व्हायलाच पाहिजे. आणि गल्ल्यात सकाळी ठरलेले 2000, तेही सगळे सुट्टे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा आणि चिल्लर. रात्री ते 2000 आधी बाजूला काढायचे, उरलेली कॅश म्हणजे दिवसाच्या बिलांतून यूपीआय आणि उधारी वजा करून येतो तो आकडा. एवढं सोपं आहे, पण सवय लागेपर्यंत सगळ्यांची कटकट ऐकली.

तरी फरक यायचाच. एक तर बाबांची भवानी. सकाळची पहिली नोट कपाळाला लावून ते देवाच्या फोटोमागे ठेवतात, मग ती कधी दहाची असते कधी पाचशेची, आणि ती मोजायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही! आता नोट तिथेच असते पण वहीत पहिली ओळ तिची. दुसरं म्हणजे टुरिस्ट. थाळीचं बिल 250 आणि म्हणणार जीपेवर 750 टाकतो, पाचशे कॅश द्या ना. नाही म्हणवत नाही, पण पाचशे गल्ल्यातून गेलेले असतात आणि बिलावर यूपीआयचे 250च लिहिलेले, म्हणून त्याचीही चिठ्ठी गल्ल्यात. आणि साउंडबॉक्स बोलल्याशिवाय पैसे आले असं धरायचं नाही, मोबाईलवरचा स्क्रीनशॉट कुणीही दाखवतं.

शुक्रवारी बाजाराचा दिवस म्हणजे वेगळंच प्रकरण. मासळी विकून आलेल्या बायका चहाला बसतात, त्यांच्या नोटा ओल्या आणि एकमेकींना चिकटलेल्या, शंभरच्या दोन नोटा एक म्हणून मोजल्या जातात. त्या मी वेगळ्या ठेवते, पंख्याखाली ताटात पसरते आणि सुकल्यावरच मोजते. घाईत पाचशेची नोट घेताना ती तिरकी करून मधला धागा बघते, खऱ्या नोटेत तो हिरव्याचा निळा दिसतो, दोन सेकंदांचं काम आहे. खोटी नोट बँकेत गेली की बँक ती शिक्का मारून ठेवून घेते, पावती देते, पैसे मिळत नाहीत. एकाच भरण्यात पाच किंवा जास्त खोट्या नोटा निघाल्या तर एफआयआरच होते, त्यामुळे पाचशेच्या नोटा रोजच्या रोज तपासलेल्या बऱ्या.

मासळीच्या मोठ्या पुरवठादाराला मात्र आता कॅश देत नाही. आमच्या सीएंनी सांगितलं की एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरतच नाहीत. त्यालाही ऑनलाइन चालतं, उगाच इतकी वर्षं पिशवीतून नोटा नेत होतो.

कमी आलेले पैसे पगारातून कापायचे नाहीत हे मी पहिल्यापासून ठरवलेलं. कापलं की पोरं फरक लपवायला शिकतात, मग वही कितीही लिहा. पन्नासपर्यंत फरक आला तर नुसता लिहून ठेवते, त्याच्यावर असेल तर त्याच रात्री चिठ्ठ्या परत लावून बघते, दुसऱ्या दिवशी कुणालाच काही आठवत नाही.

आता इथल्या बोडगेश्वराच्या जत्रेत दोन गल्ले ठेवायचा विचार आहे. गर्दीत एका ड्रॉवरवर तीन हात नकोत, आणि दहा हजार झाले की बंडल बांधून वर आकडा लिहून आतल्या कपाटात. दुसऱ्या गल्ल्यावर पेडण्याची ताई बसेल, तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. बाबांना पटत नाहीये, म्हणतात, "सुनबाई, गल्ल्यावर घरचंच माणूस पाहिजे." आता न लिहिता सगळ्यात जास्त पैसे घरच्याच माणसांनी काढलेत हे सुनेने सासऱ्यांना कसं सांगायचं, म्हणून काल चहाबरोबर वहीच त्यांच्यासमोर ठेवलीय. अजून काही बोलले नाहीत.