नाशिकचा प्लॉट, रेडिंगचे घर आणि मधला सॉलिसिटर

इंग्लंडात घर घेणाऱ्या आपल्या माणसाने सॉलिसिटर निवडताना फीचा आकडा सर्वांत शेवटी विचारावा. डिपॉझिटचा, म्हणजे घरासाठी आपण स्वतः घालायच्या रकमेचा, काही भाग भारतातून येणार असेल, तर त्याची कागदपत्रे तुमच्याकडे नेमके कोण तपासणार आणि त्या व्यक्तीशी मला थेट बोलता येईल का, हे सर्वांत आधी विचारावे. २०२५ मध्ये रेडिंगजवळ अर्ली येथे आम्ही घर घेतले तेव्हा मनाजोगते घर सापडणे, विक्रेत्याने आमचा भाव मान्य करणे, बँकेने कर्ज मंजूर करणे, सर्व्हेअरने घर तपासणे हे सारे सुरळीत पार पडले; अडकले ते फक्त आईबाबांनी नाशिकहून पाठवलेल्या पैशाच्या प्रश्नावर, आणि ज्यांनी तो सोडवायचा त्यांनीच तो वाढवून ठेवला.

येथील पद्धत आपल्याकडच्यापेक्षा मुळातच वेगळी आहे. महाराष्ट्रात खरेदीदार आणि विक्रेता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात, फोटो आणि अंगठे देतात आणि दस्त नोंदवून बाहेर पडतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे) दोन्ही पक्षांचे सॉलिसिटर पत्रव्यवहारानेच सगळा व्यवहार उरकतात, आणि खरेदीदाराने विक्रेत्याचे तोंडही पाहिले नाही तरी चालते. मालकी हक्क तपासणे, काउन्सिल (स्थानिक पालिका) आणि पाणी कंपनीकडून सर्च, म्हणजे घराबद्दलच्या चौकशीची उत्तरे, मागवणे, करारातील शंका विचारणे, बँकेचे कर्ज आणि आपले पैसे स्वतःच्या क्लायंट अकाउंटमध्ये घेऊन पुढे पाठवणे आणि शेवटी लँड रजिस्ट्रीत नाव लावणे, ही सगळी कामे त्यांची. करारांची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत कोणताही पक्ष दंड न भरता माघार घेऊ शकतो, आणि दुसऱ्या कोणी जास्त भाव दिला तर विक्रेता आपल्याला खुशाल सोडूनही देऊ शकतो. त्यामुळे सॉलिसिटरकडे फाईल पडून राहिली तर प्रश्न नुसत्या मनस्तापाचा राहत नाही. हातचे घर जाऊ शकते.

भाव ठरला त्याच संध्याकाळी इस्टेट एजंटने एका मोठ्या कन्व्हेयन्सिंग (घराच्या खरेदी-विक्रीचे कायदेशीर काम) कंपनीचे कोटेशन पाठवले आणि ही कंपनी आमच्याबरोबर नेहमी काम करते, त्यामुळे काम वेगाने होईल, असे सांगितले. ग्राहक पाठवल्याबद्दल एजंटला मिळणारे कमिशन ग्राहकाला कळवावे लागते, आणि ते कळवलेही होते. पत्राच्या तळाशी, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत. कंपनी देशाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिच्या कोटेशनमध्ये सर्चसाठी रेडिंग बरो काउन्सिलचे नाव होते, वास्तविक अर्लीचा टपालाचा पत्ता रेडिंगचा असला तरी तो भाग वोकिंगहॅम बरोमध्ये येतो. हे मी कळवले, त्यांनी दुरुस्त केले, आणि मीही तेव्हा त्यावरून फार काही मनात आणले नाही.

आता मुख्य दुखणे. आईबाबांच्या संयुक्त नावावर नाशिकमध्ये एक बिनशेती प्लॉट होता. तो त्यांनी विकला, सगळी रक्कम चेकने घेतली, नफ्यावरचा कर भरला, पैसे मुदत ठेवीत ठेवले आणि आमचे घर ठरल्यावर ठेव मोडून त्यातला वाटा मला भेट म्हणून बँकेमार्फत माझ्या येथील खात्यात पाठवला. पैसा कुठून आला हे विचारण्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१७ च्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे घरखरेदी हाताळणाऱ्या येथील प्रत्येक सॉलिसिटरला ते तपासावेच लागते, आणि जो ते विचारत नाही त्याच्यापासून चार हात दूर राहावे. तक्रार आहे ती विचारण्याच्या रीतीबद्दल.

कंपनीशी सगळा संबंध एका पोर्टलमार्फत होता. कागद चढवायचा, काही दिवसांनी तांबड्या अक्षरांत तो नाकारल्याचा शेरा वाचायचा, आणि उत्तर लिहायला तेथे जागाच नसायची. पहिला अडथळा असा, की भेट देणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव बसत होते, आणि आमच्याकडे भेट देणारे दोघे. मग इंडेक्स टू (प्लॉटच्या विक्रीच्या नोंदणीचा उतारा) नाकारला गेला, कारण तो मराठीत होता. मी इंग्रजी भाषांतर करून घेऊन चढवले, तर तोवर आमची फाईल दुसऱ्या माणसाकडे गेली होती आणि त्याने मूळ कागद कुठे आहे असे विचारले. पोर्टलने नव्या कागदाखाली जुना पुसून टाकला होता. बँकेच्या विवरणपत्रावर तर कमालीचा शेरा आला. ४५,००,००० या आकड्यातले स्वल्पविराम चुकीच्या जागी आहेत, तेव्हा या कागदात कोणी फेरफार केला आहे का, असा तो प्रश्न होता. लाख आणि कोटी म्हणजे काय आणि भारतात स्वल्पविराम कुठे देतात, हे मी एका सविस्तर पत्रात समजावून दिले. ते पत्र ज्याने वाचले असेल तो माणूस पुढच्या वेळी फोनवर नव्हता.

नावांचा गोंधळ त्याहून मोठा होता. खरेदीखतात बाबांचे आडनाव आधी, पासबुकात स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव आधी, पासपोर्टमध्ये इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. आईच्या एका जुन्या कागदावर माहेरचे नाव. आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला यात वावगे दिसणार नाही, पण पोर्टलच्या लेखी ती चार वेगवेगळी माणसे होती आणि त्यांपैकी दोघांची ओळख पटत नव्हती. भेटीचे पत्र, म्हणजे हा पैसा परत मागणार नाही आणि घरावर हक्क सांगणार नाही असे आईवडिलांनी लिहून दिलेले पत्र, तेही परत आले, कारण बाबा आयुष्यभर मराठीतच सही करत आले आहेत आणि ती सही वर टंकलेल्या इंग्रजी नावाशी जुळत नाही असे त्यांचे म्हणणे होते. हे मी फोनवर सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, आम्ही प्लॉट विकला की चोरला?”

फोन करावा तर दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी पहिले पाढे पंचावन्न. आमची फाईल ज्यांच्या देखरेखीखाली होती त्या पात्र वकिलाचे नाव पत्रात छापलेले होते, पण त्यांच्याशी बोलण्याची सोय नव्हती; मनी लाँडरिंगचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या अनुपालन विभागाशी तर ग्राहकाने बोलायचेच नाही असा नियम होता. आणि या सगळ्यात, ज्या एजंटने ही कंपनी आमच्या गळ्यात घातली त्यानेच एके दिवशी मेल करून विचारले, की विक्रेता अस्वस्थ झाला आहे, तुमच्याकडून उशीर का होतो आहे. त्या मेलनंतर मी दुसरा सॉलिसिटर शोधायला घेतला.

या शोधात मला उपयोगी पडले ते सांगते. डिसेंबर २०१८ पासून घराच्या कन्व्हेयन्सिंगची फी संकेतस्थळावर जाहीर करणे सॉलिसिटरांना बंधनकारक आहे, त्यामुळे त्यासाठी फोन खर्ची घालू नये. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नोंदवहीत कार्यालयाचे आणि व्यक्तीचे नाव सापडते का ते पाहावे. सॉलिसिटरऐवजी लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त याच कामाचा परवाना असलेला) असेल तर त्यांची नियामक संस्था वेगळी, काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स. आपल्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) ते कार्यालय आहे का हे नेमणुकीआधीच विचारावे, नाही तर बँकेसाठी दुसरा वकील लागतो आणि त्याचा भुर्दंड आपल्याला. हे झाल्यावर मी आसपासच्या कार्यालयांना फोन करून सगळीकडे तोच भारतातल्या पैशाचा प्रश्न विचारला. एका ठिकाणी, “आधी पैसे भरा, मग पोर्टलची लिंक येईल,” असे उत्तर मिळाले. एका ठिकाणी, “परदेशातून येणारा पैसा आम्ही हाताळत नाही,” असे स्वच्छ सांगितले, आणि या स्पष्टपणाबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. तिसऱ्या ठिकाणी सॉलिसिटर बाई स्वतः फोनवर आल्या आणि त्यांनी उलट मलाच विचारले, “प्लॉट कोणाच्या नावावर होता, आणि विक्रीवरचा कर भरल्याचा कागद आहे का?” माझा शोध तेथेच संपला. त्यांची फी कंपनीपेक्षा काहीशे पौंडांनी जास्त होती.

त्यांनी पहिल्या भेटीत काहीही चढवायला सांगितले नाही. एका कोऱ्या कागदावर त्यांनी रेघा मारून रकाने पाडले: तारीख, रक्कम रुपयांत, कोणाकडून, कोणाकडे, पुरावा कोणत्या पानावर. प्लॉटच्या विक्रीपासून माझ्या खात्यापर्यंत पैशाचा सगळा प्रवास त्या एका पानात बसवायचा आणि त्याच क्रमाने मागे कागद लावायचे. इंग्लंडात शपथबद्ध अनुवादक नसतात. भाषांतर अचूक असल्याचे अनुवादकाने स्वतःच्या नाव-पत्त्यासह, सही आणि तारीख घालून लिहून दिले की त्यांना पुरले. वेगवेगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आईबाबांनी नाशिकमध्ये नोटरीसमोर केले, आणि पासपोर्टच्या प्रतीही त्याच बैठकीत साक्षांकित करून घेतल्या. भेटीची पत्रे दोन झाली, एकेकाची. मनी लाँडरिंगची तपासणी करणारे भागीदार शेजारच्याच खोलीत बसत होते. बाईंनी दार ठोठावले, त्यांनी पान चाळले, ठेव मोडल्यावर आलेल्या व्याजाबद्दल एक शंका विचारली आणि सही केली. जे काम पोर्टलवर आठवड्यांमागून आठवडे भिजत पडले होते ते असे दोन खोल्यांच्या मधल्या दारात मिटले, याचा मला आनंद झाला त्यापेक्षा संतापच जास्त आला.

जवळचा सॉलिसिटर असण्याचा दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. घराला मागे स्वयंपाकघर वाढवलेले आहे, आणि टेम्स वॉटर या पाणी कंपनीच्या नकाशात त्याखालून सार्वजनिक गटाराची रेघ जाते हे बाईंच्या लगेच लक्षात आले. शेजारपाजारच्या घरांची सामाईक गटारे ऑक्टोबर २०११ मध्ये पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेली, त्यामुळे त्यानंतर वर बांधकाम केले असेल तर कंपनीची संमती लागते. विक्रेत्याकडे ती नव्हती आणि प्रश्न संमती नसल्याच्या जोखमीचा विमा घेऊन सुटला. मात्र त्यांनी मला बजावले, की याबाबत पाणी कंपनीला किंवा काउन्सिलला तुम्ही स्वतः फोन करायचा नाही. एकदा तशी चौकशी केली की असा विमा मिळतच नाही.

सॉलिसिटर मधेच बदलता येतो का, असे मला अनेकांनी विचारले. येतो. मागवलेले सर्च नवे कार्यालय बहुधा वापरू शकते, बँकेला मात्र कळवावे लागते. पण “व्यवहार फिसकटला तर फी नाही” हे आश्वासन आपण स्वतः फाईल काढून नेली तर लागू होत नाही, आणि तोवर झालेल्या कामाचे बिल येते. आमचेही आले.

पुण्यामुंबईत स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल तर ते सॉलिसिटरला पहिल्याच दिवशी सांगावे. स्टॅम्प ड्युटीच्या दृष्टीने जगात कुठेही घर असलेला माणूस पहिल्यांदा घर घेणारा ठरत नाही, म्हणजे ३,००,००० पौंडांपर्यंतची माफी गेली. आणि भारतातले घर ४०,००० पौंडांचे किंवा त्याहून जास्त किमतीचे असेल तर बहुधा पाच टक्के अधिभारही भरावा लागतो. भारतातल्या व्यवहाराचा काही भाग रोखीने घेतलेला असेल, तर तो पैसा येथे कोणत्याच रकान्यात बसणार नाही हेही धरून चालावे. पैसे पाठवण्याआधी सॉलिसिटरचा खाते क्रमांक त्यांच्या कार्यालयात फोन करून पडताळावा, आणि खाते बदलल्याचा मेल आला तर तो खोटा समजावा. कम्प्लीशनसाठी, म्हणजे उरलेले पैसे देऊन घराचा ताबा घेण्यासाठी, शुक्रवार घेऊ नये. बँकेत पैसे अडकले तर सामानाचा ट्रक दारात आणि किल्ली सोमवारी.

पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांनाही एक गोष्ट आधी सांगावी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली प्रत्येकाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण अशा कारणासाठी पाठवताना १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापून घेते, तेव्हा तेवढी जास्तीची रक्कम हाताशी ठेवावी लागते. आयकर विवरणपत्रात तो दाखवून परत मिळतो. आईबाबांनी दोघांनी तो दाखवला आहे आणि परताव्याची वाट पाहत आहेत; आयकर खात्याच्या अनुभवाबद्दल लिहायचे झाले तर ते बाबांनीच लिहावे.